ब्रुपब की टॅपरूम? दोन्हीकडं बिअर नळातूनच येते, पण...

बाणेर, मुंढवा, कोरेगाव पार्क, कुठंही जा, नळातून बिअर आली की आपण पुणेकर त्या जागेला सरळ मायक्रोब्रुअरी म्हणून मोकळे होतो. आता तर बाहेर 'इको फ्रेंडली', 'सस्टेनेबल' असंही लिहिलेलं असतं, आणि ते खरं की नुसतं मार्केटिंग हे बघायचं असेल तर आधी आपण नक्की कुठं बसलोय ते कळायला हवं.

ब्रुपब म्हणजे बिअर तिथंच बनते. काचेमागं स्टीलच्या टाक्या, मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुतेकदा बार्ली) भरडायची मशीन, उकळायचं मोठं भांडं, सगळं तिथंच. डूलाली या ब्रुअरीनं २००९ला हे पुण्यातच सुरू केलं, तेव्हा भारतात हा प्रकार फारसा कुणाला माहीतही नव्हता. टॅपरूममध्ये मात्र बिअर दुसरीकडं बनते, केग (बिअरचं बंद पिंप) भरून गाडीनं येते, कोल्ड रूममध्ये राहते आणि तिथून नळाला. (परदेशात टॅपरूम बऱ्याचदा ब्रुअरीला लागूनच असते, आपल्याकडं तसं असेलच असं नाही.) चवीत फरक पडतोच असं नाही हां, केग सगळा वेळ थंड राहिला असेल तर गव्हाच्या बिअरचा तो केळ्या-लवंगेचा वास, जो यीस्टमुळं येतो, इसेन्स घालून नाही, तो दोन्हीकडं सारखाच मिळतो.

खरा फरक कचऱ्याचा आणि पाण्याचा. १००० लिटर बिअर काढली की साधारण दीड-दोनशे किलो मॉल्टचा ओला चोथा उरतो, त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच, त्यामुळं एप्रिलच्या उन्हात दुसऱ्या दिवशी आंबट वास सुटलाच म्हणून समजा. जनावरांना हा चोथा चांगला चालतो, पण गोठेवाला वेळेवर आला पाहिजे. म्हणून ब्रुपबमध्ये विचारायचं, चोथा कोण नेतं आणि कधी नेतं? 'आम्ही त्याच्या कुकीज करतो' असं उत्तर आलं तर छान आहे, खा, पण दोनशे किलोच्या कुकीज कोण खाणारे?

पाण्याचं तर विचारूच नका. मोठ्या कारखान्यात एक लिटर बिअरला साधारण ४ ते ७ लिटर पाणी लागतं, छोट्या सेटअपला बहुतेकदा त्याहून जास्त, कारण टाक्या, पाइप, केग धुण्यातच बरंच जातं. त्यात मॉल्टचा उकळलेला रस झटकन गार करायला थंड पाणी फिरवतात, ते पाणी गरम होऊन बाहेर पडतं, ते साठवून पुढच्या बॅचला वापरतात की गटारात सोडतात हा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ कळतं. उन्हाळ्यात अर्ध्या शहरात टँकर फिरत असताना हा प्रश्न तर विचारायलाच हवा.

त्यामुळं समोर टाक्या दिसतात म्हणून ब्रुपब जास्त हिरवा, हे मला पटत नाही. एकाच ठिकाणी मोठ्या बॅचमध्ये बनवून पाच टॅपरूमना पुरवणारा पाण्यात कधीकधी सरस ठरतो, त्याचा खर्च वाहतुकीत आणि कोल्ड रूमच्या विजेत होतो. तिथं बघायचं ते केग कसले आहेत: स्टीलचे वर्षानुवर्षं धुऊन वापरतात, प्लॅस्टिकचे बहुतेकदा एकदाच वापरून टाकायचे असतात.

आणि 'लोकल'चं म्हणाल तर दोन्हीकडं जरा जपूनच. ज्वारी, नाचणी, कोकम इथलं असेल, पण हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) जवळपास सगळे विमानानं नाहीतर जहाजानं येतात आणि मॉल्टही बऱ्याचदा जर्मनी-बेल्जियमचा असतो.

ब्रुपबला जायचं तर वीकडेला दुपारी जा, ब्रूइंग चालू असेल आणि ब्रुअर मोकळा सापडला तर तो टाकीपाशी उभं राहून सगळं सांगतो. टॅपरूमला चोथ्याचं विचारून उपयोग नाही, काउंटरवरच्या पोराला बिचाऱ्याला केगची गाडी किती वाजता येते तेवढंच माहीत असतं.