भीतीवर उतारा

कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात वेदनेसाठी मॉर्फिन असतं. पण रात्री तीनला जाग येते, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं आणि ‘आता मी संपणार’ एवढंच डोक्यात घुमत राहतं, त्यावर काय द्यायचं? नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि इथे तर आठवडेच मोजून उरलेले असतात.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मानसऔषधशास्त्राचे संशोधक रोलंड ग्रिफिथ्स यांनी या भीतीवर सायलोसायबिन देऊन पाहिलं. मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातले माझातेक लोक आपल्या विधींत जी अळंबी खात आले, तिच्यातलं हे द्रव्य. १९५८ साली स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी ते वेगळं काढलं. पुढे १९७० च्या अमेरिकी कायद्याने अशा द्रव्यांवर कडक बंदी आली आणि संशोधन अनेक वर्षं थंडावलं.

प्रयोगाची खोली घरच्या दिवाणखान्यासारखी असते. कोच, मंद दिवा. रुग्ण कॅप्सूल घेतो, डोळ्यांवर पट्टी बांधून आणि कानांवर हेडफोन चढवून आडवा होतो. दोन मार्गदर्शक दिवसभर जवळ बसून असतात. घाबरला, रडू लागला तर हात धरतात. त्याआधी कित्येक तास बसून त्यांनी त्याचं आयुष्य ऐकून घेतलेलं असतं. माझ्या मते अर्धं औषध या ऐकण्यातच आहे. नुसती कॅप्सूल हातात ठेवणं म्हणजे माणसाला एकट्याला काळोखात ढकलणं.

शरीरात सायलोसायबिनचं सायलोसिन होतं. सेरोटोनिन हे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन; सायलोसिन त्याच्याच एका विशिष्ट रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेला, जाऊन चिकटतं. ‘मी, माझं’ हे दळण सतत दळणारं मेंदूतलं जाळं काही तास सैल पडतं. ‘मी’ची कुंपणं विरघळली, सगळ्याशी एकरूप झालो, असं अनेक रुग्ण सांगतात. हा अनुभव ज्यांना जास्त खोल आला, त्यांना आरामही जास्त पडला.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५१ रुग्ण होते. प्रत्येकाला एकदा भरपूर मात्रा मिळाली आणि एकदा नाममात्र. सहा महिन्यांनंतरही सुमारे ८० टक्के जणांचं नैराश्य आणि चिंता लक्षणीय कमी होती. त्याच वेळी न्यूयॉर्क विद्यापीठात २९ रुग्णांवर झालेल्या प्रयोगातही असंच दिसलं. पण संख्या लहान, आणि खरी मात्रा कुठली हे रुग्णाला बहुधा कळतंच. अपेक्षेचा वाटा किती, हे त्यामुळे सांगणं कठीण. स्किझोफ्रेनियाचा इतिहास असलेल्यांना तर यात घेतच नाहीत. भारतात १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यानुसार सायलोसायबिन जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. तेव्हा कुणी हे घरी करून पाहू नये, हे मी कळकळीने सांगतो.

पुढे खुद्द ग्रिफिथ्स यांनाच मोठ्या आतड्याचा चौथ्या टप्प्यातला कॅन्सर निघाला. मुलाखतींत ते आजाराबद्दल कमी आणि कृतज्ञतेबद्दल जास्त बोलत. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी ते गेले. त्याआधी याच संशोधनासाठी विद्यापीठात अध्यासन व्हावं म्हणून त्यांनी निधी जमवायला घेतला होता.