मेदऊतींतील जैविक घड्याळ

चरबी साठवणे आणि खर्च करणे ही कामे दिवस-रात्रीच्या चक्राशी जुळवून घेणारी मेदपेशींमधील यंत्रणा. चरबी म्हणजे नुसते कोठार, हा समज १९९४ मध्ये मेदपेशींतून स्रवणाऱ्या आणि भूक आवरणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागल्यावर मोडीत निघाला. हे कोठार वेळही पाळते, हे त्यानंतर उमगले.

शरीराचे मुख्य घड्याळ मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील सुमारे २०,००० चेतापेशींच्या पुंजक्यात असते आणि ते डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावर लावले जाते. पण जवळपास प्रत्येक पेशीत स्वतःचेही घड्याळ असतेच. क्लॉक आणि बीमॅल-१ ही प्रथिने पिरियड व क्रिप्टोक्रोम ही जनुके चालू करतात. त्यांच्यापासून बनलेली प्रथिने साठली, की ती क्लॉक-बीमॅललाच अडवतात; पुढे त्यांचे विघटन होते आणि फेरा नव्याने सुरू होतो. एका फेऱ्याला साधारण २४ तास लागतात.

माणसात लेप्टिनची पातळी रात्री वाढते. इन्सुलिनला शरीर सकाळी चांगला प्रतिसाद देते, संध्याकाळी कमी. त्यामुळे तेच जेवण रात्री घेतल्यास रक्तातील साखर जास्त चढते. उपाशीपोटी मेदपेशी साठ्यातली मेदाम्ले रक्तात सोडतात. या कामावरही घड्याळाचा अंमल चालतो.

सर्वांत बोलका पुरावा २०१२ चा आहे. उंदरांच्या फक्त मेदपेशींतून बीमॅल-१ चे जनुक काढून टाकले. मेंदूतील घड्याळाला हातही लावला नव्हता. तरीही हे निशाचर प्राणी विश्रांतीच्या वेळी, म्हणजे दिवसा, जास्त खाऊ लागले आणि लठ्ठ झाले. मेदपेशींतून रक्तात येणाऱ्या काही बहुअसंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण घटले होते. आहारातून ती पुरवल्यावर खाण्याची वेळ ताळ्यावर आली. थोडक्यात, कोठारच मालकाला भुकेची वेळ कळवत होते.

उलट, अवेळी खाण्याने यकृत व मेदऊतींची घड्याळे सरकतात, पण प्रकाशावर चालणारे मेंदूतील घड्याळ जागच्या जागी राहते. रात्रपाळीत हीच फारकत होते. मात्र खाण्याचे तास आवळले की वजन आपोआप उतरते, असे उंदरांवरून माणसाबद्दल म्हणणे घाईचे ठरेल: २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १३९ लठ्ठ व्यक्तींच्या वर्षभराच्या चाचणीत, कॅलरी कमी करण्याला ठरावीक तासांतच खाण्याची जोड दिल्याने वजनात आणखी लक्षणीय घट दिसली नाही.