नदीत वाहून गेलेलं अर्धं झाड

लाकडाचा रासायनिक लगदा करताना झाडाची वाटणी होते. सेल्युलोजचे तंतू कागदासाठी बाजूला निघतात आणि बाकी सगळं शिजवणाच्या द्रावात विरघळतं. स्प्रूस, पाइन अशा सूचिपर्णी लाकडात हे 'बाकी सगळं' निम्म्याहून जास्त असतं. त्यात तंतूंना एकमेकांशी चिकटवून ठेवणारं लिग्निन असतं, साखरेच्या कणांनी बनलेलं हेमिसेल्युलोज असतं, थोडी राळही असते. लाकडातून कागदाबरोबर इतरही उपयोगी माल काढणाऱ्या कारखान्याला आज बायोरिफायनरी म्हणतात. तिचा इतिहास म्हणजे या विरघळलेल्या अर्ध्याचं काय करायचं या प्रश्नाचा इतिहास आहे.

सुरुवात सल्फाइट पद्धतीपासून झाली. अमेरिकन रसायनज्ञ बेंजामिन टिल्घमन यांनी 1867 मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि 1874 मध्ये स्वीडनमधल्या बर्गविक इथे कार्ल डॅनियल एकमन यांनी ती कारखान्यात चालवून दाखवली. गंधकाच्या आम्लधर्मी द्रावात लाकूड शिजवलं की लिग्निनला सल्फोनेट गट जोडले जातात आणि ते पाण्यात विरघळतं. यासाठी स्प्रूस उत्तम. पाइनच्या गाभ्यातले फिनॉल मात्र आम्लात लिग्निनलाच चिकटून बसतात, त्यामुळे ते लाकूड नीट शिजत नाही.

पुढे बहुतेक कारखाने स्वस्त चुनखडीकडे वळले. पण कॅल्शियमयुक्त द्राव जाळून त्यातली रसायनं परत मिळत नव्हती, म्हणून तो सरळ नदीत सोडला जाई. झाडाचा अर्धा भाग असा वर्षानुवर्षं पाण्यात गेला आणि त्याची किंमत नद्यांनी मोजली.

क्राफ्ट पद्धतीने हा पेच सोडवला. कार्ल डाल यांनी डान्झिगमध्ये (आजचं पोलंडमधलं ग्डान्स्क) 1879 च्या सुमारास शिजवणीत सोडियम सल्फाइड आणलं. त्यातून निघणारा लगदा इतका चिवट होता की जर्मन आणि स्वीडिश भाषेतला 'ताकद' या अर्थाचा शब्दच त्याचं नाव झाला. या पद्धतीत पाइनही चालतं. 1930 च्या दशकात टॉमलिन्सन यांचा रिकव्हरी बॉयलर आल्यावर शिजवणीतून उरलेला, लिग्निन विरघळलेला काळा द्राव जाळून वाफ मिळू लागली आणि रसायनंही परत येऊ लागली. क्राफ्टने जग जिंकलं ते या हिशेबावर.

माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. क्राफ्टकडे लिग्निन जाळण्याची उत्तम सोय होती, त्यामुळे त्यातून दुसरं काही करण्याची निकड उरली नाही. सल्फाइटवाल्यांना ती सोय नव्हती, म्हणून त्यांना डोकं चालवावं लागलं. शिवाय आम्लात हेमिसेल्युलोज फुटून साखर बनते, तर क्राफ्टच्या अल्कलीत तिची नासाडी होऊन आम्लं बनतात. त्यात सूचिपर्णी लाकडाची साखर मुख्यतः सहा कार्बनची, म्हणजे साधं यीस्ट आवडीने खाईल अशी. रुंदपर्णी झाडांतून पाच कार्बनची झायलोज जास्त मिळते आणि नेहमीचं यीस्ट तिला हातही लावत नाही.

म्हणून 1909 मध्ये स्वीडनमधल्या स्कुत्स्कारला सल्फाइट द्रावातून अल्कोहोल काढायला सुरुवात झाली. आपल्याकडे साखर कारखान्याची आसवनी मळीवर चालते, त्याच तत्त्वावर. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा हे अल्कोहोल स्वीडनमध्ये वाहनांच्या इंधनात गेलं. पुढे स्वस्त खनिज तेलाने यातले बहुतेक उद्योग मोडीत काढले.

टिकलेल्यांपैकी एक म्हणजे नॉर्वेतल्या सार्प्सबोर्गचा बोरेगार्ड. हा कारखाना 1889 मध्ये स्थापन झाला. तिथे 1938 पासून अल्कोहोल बनतं, तर 1962 पासून लिग्निनपासून व्हॅनिलिन. आइस्क्रीममधला तो व्हॅनिलाचा वास. सूचिपर्णी झाडांशी या वासाचं नातं त्याहून जुनं: 1874 मध्ये टीमान आणि हारमान यांनी या झाडांच्या रसातल्या कोनिफेरिन नावाच्या द्रव्यापासूनच पहिल्यांदा व्हॅनिलिन तयार केलं होतं. लिग्नोसल्फोनेट, म्हणजे सल्फाइट द्रावात विरघळलेलं लिग्निन, काँक्रीटमध्येही मिसळतात. त्यामुळे कमी पाण्यात मिश्रण प्रवाही राहतं.

क्राफ्टवालेही आता मागे वळले आहेत. काळ्या द्रावात कार्बन डायऑक्साइड सोडून लिग्निन साक्यासारखं खाली बसवणारी लिग्नोबूस्ट पद्धत स्वीडनमध्ये विकसित झाली आणि 2013 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात व्यापारी पातळीवर सुरू झाली.

उत्तर स्वीडनमधला 1903 चा डॉम्शो कारखाना आजही सल्फाइट पद्धतीवरच चालतो आणि लगद्याबरोबर अल्कोहोल व लिग्नोसल्फोनेटही काढतो. 2011 मध्ये तो मुंबईच्या आदित्य बिर्ला समूहाने घेतला. त्यांना हवा होता व्हिस्कोस धाग्यासाठी लागणारा शुद्ध सेल्युलोजचा लगदा.