नवरी आत येताना एक, जोडपं बाहेर पडताना दुसरी

मडगावचा हॉल असो नाहीतर कळंगुटचं रिसॉर्ट, डीजेला ‘वेडिंग मार्च लाव रे’ एवढंच सांगून मोकळं व्हायची सवय आता पुरे. त्या नावाखाली वाग्नर आणि मेंडेल्सोन या दोन जर्मन संगीतकारांच्या दोन वेगळ्या सुरावटी खपतात आणि तो हाताला लागेल ती लावतो. मग मेंडेल्सोन दणाणत असतो आणि नवरी अजून दारात, बापाचा हात धरून उभी.

वाग्नरची तुम्हाला येते. प़ सा सा सा, प़ रे नी़ सा. ‘हिअर कम्स द ब्राइड’ म्हणतात तीच. संथ, पावलागणिक ठोका. ही आत येतानाची.

मेंडेल्सोनची १८४२ सालची, एका नाटकासाठी रचलेली. राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीच्या लग्नात, १८५८ मध्ये, ती वाजली आणि तिथून लग्नालग्नांत रुळली. ही बाहेर पडतानाची, आणि का ते नीट ऐकलंत की कळतं. सुरुवातीला नुसती ट्रंपेटची ललकारी. मूळ चाल नंतर येते: वरचा सा, नी, मग एकदम तीव्र मध्यम, ध, प. सगळा वाद्यवृंद एकदम अंगावर येतो. नवरीने पाऊल कधी टाकायचं? ललकारीला टाकलं तर लय सापडत नाही, थांबली तर सगळे वळून तिच्याकडे बघत बसतात. पुढे लय इतकी चपळ, की मागे घोळ सोडलेला गाऊन किंवा नऊवारी सांभाळत कुणी त्या ठेक्यात चालूच शकत नाही. चालली तर ती बस पकडायला निघाल्यासारखी दिसते. उलट आशीर्वाद झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या, दोघं हसत दाराकडे वळली, की हीच ललकारी फिट्ट बसते. काम फत्ते झाल्यावर वाजवायचं संगीत आहे ते!

जाणकार इथे नाक खुपसतात: वाग्नरच्या ‘लोहेनग्रिन’ या ऑपेरामध्ये (वायमार, १८५०) हे समूहगीत लग्न लागल्यावर, जोडप्याला शयनगृहात पोचवताना गातात, आणि त्याच रात्री तो संसार मोडतो. खरं आहे. मला फरक पडत नाही. चालायला बरी पडते, बस्स.

मात्र दोन्ही रंगभूमीच्या सुरावटी. काही पाद्री चर्चमध्ये त्या चालवून घेत नाहीत, तेव्हा कॉयरची, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाची, तालीम सुरू करण्याआधी विचारा. माझ्या मते तिथे जेरेमाया क्लार्क या इंग्रज संगीतकाराचा ‘प्रिन्स ऑफ डेन्मार्क्स मार्च’ सरस. (तो पर्सेल या दुसऱ्या इंग्रज संगीतकाराचा म्हणून सांगणारे अजून भेटतात. नाही, क्लार्कचाच.)

आणि आपल्या लग्नात, मामा नवरीला अंतरपाटापाशी आणतो तेव्हा, कृपा करून दोन्ही नकोत. सनई आणि तिचा सूर धरणारा जोडीदार एवढं बास. रिसेप्शनला हॉलमध्ये शिरताना काय हवं ते वाजवा.

डीजेला दोन वेगळ्या फायली द्या, नावं ‘आत’ आणि ‘बाहेर’. गावच्या कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, चार पावलांत वेदी येते, ओल्ड गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये चालून चालून संपत नाही. त्यामुळे आदल्या दिवशी रिकाम्या जागेत एकदा चालून बघा. नवरी पोचली की आवाज हळूहळू खाली आणायला सांगा, कचकन तोडायला नव्हे.