लाल मकाव पिल्लांची आरोग्य तपासणी

दक्षिण अमेरिकेतील लाल मकाव (आरा मकाओ) या मोठ्या पोपटाची पिल्ले ढोलीतच असताना त्यांची वाढ, पोषण आणि अंगावरचे परजीवी तपासण्याची पद्धत. पेरूच्या आग्नेय भागात तंबोपाटा नदीकाठच्या जंगलात १९८९ पासून मकावांचा अभ्यास चालू आहे. तिथे नैसर्गिक ढोल्यांबरोबर लाकडी आणि पीव्हीसी नळाच्या कृत्रिम पेट्यांतील पिल्लांचीही अशी तपासणी होते.

दोराने झाडावर चढलेला माणूस मऊ फडके घातलेल्या बादलीतून पिल्लू खाली सोडतो. पावसात हे काम करू नये, कारण पिसे न फुटलेले पिल्लू काही मिनिटांत गारठते. कडक ऊनही तितकेच वाईट. आधी गळ्याखालची अन्नपिशवी बोटांनी हलकेच चाचपतात. ती भरलेली असेल तर पिल्लाला उताणे करायचे नाही. अन्न उलटून श्वासनलिकेत गेले, तर तपासणीच जिवावर बेतते. वजनाच्या नोंदीशेजारी पिशवी किती भरली होती तेही लिहावे, नाहीतर नुकतेच चारलेले उपाशी पिल्लू कागदावर धडधाकट दिसते.

वजन, पंखाची लांबी आणि चोच मोजली जाते, पण एका दिवसाच्या आकड्यावरून फारसे कळत नाही. दर दोन-तीन दिवसांचा आलेख लागतो. अंगावरच्या खुणा मात्र लगेच बोलतात. डोके मोठे, पंख आणि बोटे काटकुळी, छातीचे उभे हाड धारदार लागते, ही कुपोषणाची लक्षणे. कातडी लालसर, सुरकुतलेली आणि चिकट असेल तर अंगातले पाणी कमी झाले आहे. मादी दोन ते चार अंडी घालते, पण पिल्ले एकाच दिवशी बाहेर येत नाहीत. तिसरे-चौथे पिल्लू बहुधा उपासमारीने मरते. म्हणून पिल्लाच्या अंगात माशीच्या अळ्या दिसल्या की सगळा दोष त्यांच्यावर टाकणे चूक आहे.

या अळ्या फिलोर्निस माशीच्या. माशी मोकळी फिरते, अळी मात्र पिल्लाच्या कातडीखाली राहते. पंख, पाय, मान, डोके असे सगळे अंग पिसे बाजूला करून पाहावे लागते. वाटाण्याएवढी गाठ, मध्ये बारीक भोक आणि भोकात हलणारे अळीचे मागचे टोक अशी तिची खूण. याच टोकाने ती श्वास घेते. पूर्ण वाढली की बाहेर पडून तळातल्या भुश्यात कोष करते. भुश्यातले कोषही मोजावेत; पिल्लाच्या अंगावर आज एकही अळी नसली, तरी आधी होती हे त्यावरून कळते.

अळी काढण्यासाठी सर्पदंशावर पूर्वी वापरत तसा, सिरिंजच्या उलट चालणारा ओढपंप उपयोगी पडतो. जागा पुसून पंपाचे तोंड भोकावर बसवतात आणि दट्ट्या दाबून हवा खेचतात. अळी अर्धी वर आली की चिमट्याने सावकाश, सरळ ओढायची. घाईने ओढल्यास ती तुटते आणि आत राहिलेल्या तुकड्याने जखम चिघळते. मग पोव्हिडोन आयोडीन लावून रक्त थांबेपर्यंत दाब द्यावा. डोळ्यालगतच्या अळीवर पंप लावू नये.

हाच उपाय सगळीकडे चालत नाही. मॉरिशसच्या इको पोपटाच्या घरट्यात वेगळ्याच माशीच्या अळ्या असतात. त्या तळाच्या कचऱ्यात लपून पिल्लाचे रक्त पितात, त्यामुळे तिथे तळाशी कीटकनाशक भुकटी टाकतात. कातडीखाली शिरलेल्या अळीपर्यंत ती पोचत नाही.

रक्त घ्यायचे तर पंखाच्या शिरेतून, आणि एकूण वजनाच्या एक टक्क्याच्या आतच: ३०० ग्रॅमच्या पिल्लातून जास्तीत जास्त ३ मिलिलिटर. प्रत्यक्षात अर्धा मिलिलिटर पुरतो. त्यातल्या एका थेंबाची काचपट्टी करून रक्तातले परजीवी शोधतात. अशक्त पिल्लाचे रक्त घेऊ नये.

पुढच्या घरट्याकडे जाण्याआधी हातमोजे बदलावेत, वजनकाटा आणि बादली निर्जंतुक करावी. चोच व पिसांच्या विषाणुरोगाचे कण पिसांच्या धुळीतूनही पसरतात. पिल्ले वर ठेवताना त्यांच्या पायांच्या कड्या नोंदवहीशी ताडून पाहतात, आणि अळी काढलेल्या पिल्लाची जखम पुढच्या फेरीत सर्वांत आधी पाहतात.