पायथन बाइंडिंग

सी किंवा सी++ मध्ये लिहून कंपाइल केलेली लायब्ररी पायथनमधून वापरता यावी म्हणून दोघांच्या मध्ये जो कोडचा थर घालतात, त्याला बाइंडिंग म्हणतात. हा थर पायथनची आर्ग्युमेंट्स सीच्या टाइपमध्ये बदलतो, मूळ फंक्शन चालवतो आणि निकाल किंवा एरर पायथनच्या ऑब्जेक्टच्या रूपात परत देतो. काम एवढेच असले तरी बाइंडिंग लिहायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ ते टिकवायला लागतो. त्याचे मुख्य कारण एकच असते: कोणती मेमरी कोणाच्या मालकीची आहे, हे सुरुवातीला ठरवलेले नसते.

बाइंडिंग तयार करणारे डेव्हिड बीझली यांचे स्विग हे साधन 1996 मध्ये प्रसिद्ध झाले. हेडर फाइल वाचून ते एकाच वेळी अनेक भाषांसाठी कोड तयार करते. पायथनमधूनच सीची फंक्शन्स चालवू देणारे सीटाइप्स हे मॉड्यूल 2006 च्या पायथन 2.5 पासून भाषेसोबतच मिळते. वेन्झेल याकोब यांचे 2015 चे पायबाइंड11 आज सी++ साठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या साधनांपैकी आहे. चित्रे आणि व्हिडिओ हाताळणाऱ्या ओपनसीव्हीसारख्या मोठ्या प्रकल्पाने स्वतःचा जनरेटर लिहिला आहे. जी फंक्शन्स पायथनला द्यायची त्यांच्यावर हेडरमध्ये खूण केलेली असते आणि बिल्डच्या वेळी एक स्क्रिप्ट त्या खुणांवरून कोड काढते. शेकडो फंक्शन्स असतील तर हाच मार्ग धरावा. हाताने लिहिलेले बाइंडिंग लायब्ररीच्या मागे पडत जाते.

सीटाइप्सला कंपायलर लागत नाही, पण त्यामुळे टाइप तपासणारेही कोणी नसते. फंक्शन काय परत देते हे सांगितले नाही, तर ते इंट (32 बिटचा पूर्णांक) देते असे धरले जाते. 64 बिटच्या यंत्रावर पॉइंटरचे (मेमरीतल्या पत्त्याचे) वरचे 32 बिट त्यात कापले जातात. पत्ता लहान असेल तेव्हा प्रोग्राम नीट चालतो, दुसऱ्या यंत्रावर कोसळतो. म्हणून प्रत्येक फंक्शनचे आर्ग्युमेंट टाइप आणि रिटर्न टाइप लिहिलेच पाहिजेत. सीला दिलेल्या कॉलबॅकचा (सीने नंतर चालवायच्या पायथन फंक्शनचा) संदर्भही पायथनमध्ये जपून ठेवावा लागतो. नाहीतर तो गार्बेज म्हणून मोकळा होतो आणि सी मोकळ्या झालेल्या जागेत उडी मारते.

सीपायथन (पायथनचा सीमध्ये लिहिलेला नेहमीचा इंटरप्रिटर) प्रत्येक ऑब्जेक्टचे किती संदर्भ जिवंत आहेत ते मोजतो. सीच्या बाजूने लिहिताना काही फंक्शन्स नवा संदर्भ देतात, काही उसना देतात, तर काही तुमचा संदर्भ स्वतःकडे घेतात. लिस्टमधून घटक काढणारे ‘पायलिस्ट_गेटआयटम’ उसना देते. घटक ठेवणारे ‘पायलिस्ट_सेटआयटम’ दिलेला संदर्भ गिळते. या मोजणीत एक घट जास्त झाली तर ऑब्जेक्ट अकाली नष्ट होतो आणि क्रॅश भलत्याच ओळीवर दिसतो. एक घट राहून गेली तर मेमरी गळत राहते.

पायबाइंड11 ही मोजणी सांभाळते, मालकी मात्र तुम्हालाच सांगावी लागते. फंक्शनने साधा पॉइंटर परत केला तर ऑब्जेक्ट पायथनच्या मालकीचा झाला असे ते गृहीत धरते. तो पॉइंटर दुसऱ्या ऑब्जेक्टच्या पोटातला असेल, तर एकच मेमरी दोनदा मोकळी होते. अशा जागी ‘रेफरन्स_इंटर्नल’ ही पॉलिसी द्यावी. तिने आतला भाग वापरात असेपर्यंत मूळ ऑब्जेक्टही जिवंत राहतो. सी++ च्या व्हेक्टरची (यादीची) पायथनच्या लिस्टमध्ये आपोआप होणारी रूपांतरणेही फसवतात. सदस्य व्हेक्टर वाचला की दर वेळी नवी लिस्ट बनते, त्यामुळे तिच्यात घातलेला घटक मूळ व्हेक्टरपर्यंत पोचत नाही आणि एररही येत नाही.

देवनागरी मजकूर हाताळणाऱ्या लायब्ररीत आणखी एक घोळ हमखास होतो. ‘मराठी’ या शब्दात पायथन 5 कोडपॉइंट (युनिकोड चिन्हे) मोजतो, तर यूटीएफ-8 मध्ये त्याचे 15 बाइट होतात. सी लायब्ररीने बाइटमध्ये दिलेले स्थान तसेच पुढे पाठवले, तर मजकूर भलत्याच जागी कापला जातो. इंग्रजी मजकुरावरच्या चाचण्यांत ही चूक कधीच सापडत नाही, म्हणून चाचणीत देवनागरी वाक्ये हवीतच.

लांब चालणारे काम सुरू करण्यापूर्वी जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारे कुलूप) सोडावा आणि कॉलबॅकमधून पायथनला हात लावण्यापूर्वी तो परत घ्यावा. पायथन 3.13 च्या जीआयएलविरहित बिल्डमध्ये ‘आपल्याला जीआयएल लागत नाही’ असे मॉड्यूलने जाहीर करावे लागते. तसे न केलेले मॉड्यूल इम्पोर्ट होताच इंटरप्रिटर जीआयएल पुन्हा सुरू करतो.

वितरणाचे काम कंटाळवाणे, पण टाळता न येणारे. पायथनची प्रत्येक आवृत्ती आणि प्रत्येक प्लॅटफॉर्म यांसाठी वेगळे व्हील (इन्स्टॉल करायचे तयार पॅकेज) लागते. पायथन 3.2 पासूनचा स्थिर एबीआय (कंपाइल केलेल्या कोडने एकमेकांशी जुळण्याचे ठरलेले नियम) वापरला तर ही संख्या बरीच घटते. पायबाइंड11 मात्र त्यात बसत नाही, नॅनोबाइंड हे तशाच कामाचे साधन पायथन 3.12 पासून बसते. लिनक्सवर मेनीलिनक्स2014 या मानकासाठी जीलिबसी (लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी) 2.17 वर चालेल असे बिल्ड करतात आणि ऑडिटव्हील या साधनाने लागणाऱ्या लायब्रऱ्या व्हीलमध्ये भरतात. विंडोजवर सीचा लाँग हा पूर्णांक टाइप 32 बिटचा असतो, 64 बिट लिनक्सवर 64 बिटचा. म्हणून सी आणि पायथनच्या हद्दीवर रुंदी ठरलेलेच टाइप वापरावेत. जून 2024 मध्ये आलेल्या नमपाय (आकडेमोडीची पायथन लायब्ररी) 2.0 ने एबीआय बदलला आणि 1.x वर बांधलेली मॉड्यूल्स त्यावर चालेनाशी झाली.

चाचणीत फंक्शन बरोबर उत्तर देते का एवढेच पाहून भागत नाही. मूळ ऑब्जेक्टचा संदर्भ काढून टाकून, गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग) मुद्दाम चालवून, त्यातून मिळालेला भाग पुन्हा वापरून पाहावा. हे ॲड्रेस सॅनिटायझर या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाखाली चालवावे, आणि त्या वेळी ‘पायथनमॅलॉक’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचे मूल्य ‘मॅलॉक’ ठेवावे. तसे न केल्यास पायथनचा स्वतःचा ॲलोकेटर (मेमरी वाटणारा भाग) छोट्या ऑब्जेक्टांच्या चुका झाकून टाकतो.