पाळकांचा शब्द आणि मतदाराची सदसद्विवेकबुद्धी : पार्श्वभूमी

१३ मे २०२४ च्या मतदानात इंदूर लोकसभा मतदारसंघात २,१८,६७४ मते ‘नोटा’ला (वरीलपैकी कोणीही नाही) पडली. त्याआधीचा देशातील उच्चांक बिहारमधील गोपालगंजचा, २०१९ सालचा ५१,६६० मतांचा होता. एका मोठ्या पक्षाच्या उमेदवाराने २९ एप्रिलला अर्ज मागे घेतल्यावर त्या पक्षाने नोटाचे आवाहन केले, हे सर्वश्रुत आहे. ख्रिस्ती मंडळींपुढे मात्र यातून दोन निराळे प्रश्न उभे राहतात. नोटाचे बटण दाबणे ही सदसद्विवेकबुद्धीला धरून केलेली कृती आहे की नागरिकाच्या जबाबदारीतून काढलेले अंग आहे, हा पहिला. आणि याविषयी पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, उपासनेत काही बोलावे काय, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास अधिक जुना आणि अधिक गुंतागुंतीचा आहे.

इंदुरात १८७७ साली आलेले कॅनडाचे मिशन आणि त्यातूनच १८८७ मध्ये उभे राहिलेले ख्रिश्चन कॉलेज प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट परंपरेचे. सदसद्विवेकबुद्धीचा प्रभू एकटा देव आहे, असे त्या परंपरेच्या १६४६ सालच्या विश्वासपत्रात (श्रद्धेच्या लेखी कबुलीत) विसाव्या प्रकरणात म्हटलेले आहे, म्हणजे पाळकालाही तिथे हुकमत नाही. कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याचे घोषणापत्र काढून निराळ्या वाटेने जवळपास तेच सांगितले, आणि १९८३ च्या धर्मसंहितेने धर्मगुरूंना पक्षीय राजकारणात सक्रिय भाग घेण्यापासून सर्वसाधारणपणे दूर ठेवले. १९३५ च्या कायद्याने मुंबई, मद्रास अशा काही प्रांतांत ख्रिस्ती मतदारांसाठी स्वतंत्र मतदारसंघ, म्हणजे फक्त ख्रिस्ती मतदारांनीच मत द्यायचे असे, दिले होते. होळकरांचे राज्य संस्थानी असल्यामुळे इंदूरला ते कधीच लागू झाले नाहीत. येथील ख्रिस्ती मतदार १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत शेजाऱ्यांबरोबर एकाच यादीत, एकाच रांगेत उभा राहिला. ‘ख्रिस्ती मतपेढी’ हा शब्द या शहराला नंतर, बाहेरून चिकटला, असे माझे मत आहे.

खरा पेच कायद्यातील एका वाक्याचा आहे. अमुक उमेदवाराला मत दिले किंवा न दिले तर दैवी अवकृपा होईल अथवा धार्मिक बहिष्कार ओढवेल, असे मतदाराला भासवणे म्हणजे गैरवाजवी दबाव, अशी तरतूद १९२० साली भारतीय दंडसंहितेत घातली गेली आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्येही आली. तिच्यामागे हिंदुस्थानातला अनुभव जितका होता त्याहून आयर्लंडमधला अधिक असावा. तेथे १८७२ मध्ये गॉलवे परगण्याची पोटनिवडणूक कॅथलिक पाद्र्यांनी मतदारांना धाक घातल्याच्या कारणावरून रद्द झाली होती. म्हणजे हे वाक्य मुळात ख्रिस्ती धर्मगुरूंच्या वर्तनाकडे पाहून घडत गेले असावे आणि पुढे येथे सर्वच धर्मांना लावले गेले, ही गोष्ट आपल्या चर्चांमध्ये फारशी कोणाला ठाऊक नसते.

स्वतंत्र भारतात हे वाक्य प्रथम गाजले १९५९ साली, एका शीख पंथाच्या गुरूंनी अनुयायांना हुकूम काढल्याच्या प्रकरणात. धर्मगुरूला उमेदवारांच्या गुणदोषांविषयी आपले मत सांगण्याचा हक्क आहे, परंतु अनुयायाला निवडीची मोकळीकच उरू नये अशा रीतीने अधिकार वापरता येत नाही, असा भेद सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा केला. धर्मगुरू आपल्या लोकांना लिहितात त्या पाळकीय पत्रांच्या संदर्भात हाच भेद आजही उपयोगी पडतो. २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी कलम १२३ (३) चा अर्थ विस्तारला, आणि उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेले आवाहनही भ्रष्ट आचार ठरवले. अल्पमतातील न्यायमूर्तींची भीती अशी होती की त्यामुळे जात किंवा धर्म यांमुळे सोसाव्या लागणाऱ्या अन्यायाची चर्चाच निवडणुकीतून हद्दपार होईल. मला ही भीती रास्त वाटते. दलित ख्रिस्ती १९५० च्या राष्ट्रपती-आदेशामुळे अनुसूचित जातींत मोडत नाहीत. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळालेली वाट त्यांना अजून मिळालेली नाही. उमेदवाराने हा विषय प्रचारसभेत काढला, तर तो मागणीविषयी बोलला की धर्माच्या नावाने मत मागितले, हे ठरवणे कठीण होते. एक गोष्ट मात्र विसरली जाते. कलम १२३ उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा त्यांच्या संमतीने वागणारी व्यक्ती यांच्यापुरतेच आहे. पाळकांनी आपल्या मनाने लिहिलेले पत्र त्यात येत नाही. दंडसंहितेतील तरतूद मात्र कोणालाही लागू होते.

२०१७ च्याच नोव्हेंबरात, गुजरात विधानसभेच्या निवडणुकीआधी, तेथील एका आर्चबिशपांनी राष्ट्रवादी शक्तींपासून देश वाचावा आणि घटनेशी निष्ठा राखणारे लोक निवडून यावेत म्हणून प्रार्थना करण्याचे पत्र आपल्या लोकांना पाठवले. निवडणूक अधिकाऱ्यांनी त्यांना नोटीस बजावली. पत्रात कोणाचेही नाव नव्हते, दैवी अवकृपेचा धाकही नव्हता. होती ती प्रार्थनेची विनंती. तरीही वाचणाऱ्याला रोख कळत होता, हेही नाकारण्यात अर्थ नाही.

मध्य प्रदेशातील मंडळ्या सहसा इतके पुढे जात नाहीत. मतदानाआधीच्या रविवारी उपासनेच्या शेवटी, बारसे, लग्ने आणि महिला मंडळाची सभा यांच्या सूचना वाचून झाल्या की मग ‘सर्वांनी अवश्य मतदान करावे’ एवढे एक वाक्य येते. धार्मिक स्थळांच्या गैरवापराविषयीचा १९८८ चा कायदा त्या आवारात राजकीय प्रचाराला मनाई करतो, शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे, आणि आचारसंहितेतही तेच आहे. परंतु या मौनाचे मोठे कारण माझ्या समजुतीने तिथे नाही. धर्मांतरावर निर्बंध घालणारा राज्याचा १९६८ चा आणि त्याच्या जागी आलेला २०२१ चा धर्मस्वातंत्र्य कायदा यांच्या सावटाखाली वावरणारा पाळक कायद्याने जेवढे बोलता येते त्याहूनही कमी बोलतो.

नोटाबद्दल मंडळींतही एकमत नाही. मतदानापासून दूर राहण्याची परंपरा काही छोट्या पंथांत आहे. बहुतेक चर्च मतदानाला कर्तव्य मानतात. २०१३ पर्यंत कोणालाही मत द्यायचे नसल्यास ते केंद्रावरील अधिकाऱ्याला सांगून नोंदवावे लागे, त्यामुळे गुप्तता राहत नसे. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने ती अडचण दूर झाली आणि त्याच वर्षी ज्या राज्यांत हे बटण प्रथम आले त्यांत मध्य प्रदेशही होता. मतमोजणीत मात्र नोटाला वजन नाही. ती मते सर्वाधिक झाली तरी उमेदवारांत पुढे असलेलाच निवडून येतो. हा नियम बदलावा अशा याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी, म्हणजे इंदुरातील अर्ज मागे घेतला जाण्याच्या तीन दिवस आधी, नोटीस काढली. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्यायसंहितेने घेतली. दैवी अवकृपेची तरतूद तीत कलम १७१ म्हणून कायम आहे.